मधलं घर

तिन्ही घरं बघून सगळे दादाच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले, तेव्हा आईच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपली दोन्ही मोठी मुलं एकमेकांची नुसती स्तुती करतायत.

हे काही बरं लक्षण नव्हतं. लहानपणी ही दोघं एका पेन्सिलीवरून दिवसदिवस अबोला धरायची. मोठेपणी दुकानाच्या शटरला कुठला रंग द्यावा यावरून अशी भांडली, की शेवटी बाबांनी शटर गंजू दिलं. आणि आज दादा म्हणत होता, "ताईकडचा भाग कसला शांत आहे गं! झाडं काय, हवा काय. आमच्याकडे नुसती धूळ."

"अरे, पण तुझ्या गल्लीत सगळं हाताशी आहे," ताई म्हणाली. "औषधांचं दुकान, हॉस्पिटल. शिवाय तू स्वतः डॉक्टर."

"दातांचा."

"दातांचा तर दातांचा. डॉक्टर तो डॉक्टर."

"हो ना," जावई बिस्किट बुडवत म्हणाला, "आईंच्या छातीत दुखलं की हा म्हणेल, आ करा."

जावई मोटार शिकवण्याची शाळा चालवायचा. जन्मभर घाबरलेल्या माणसांशेजारी बसून विनोद करायची त्याला सवय झाली होती, आणि घरातही ती सुटत नव्हती. आई एरवी हसली असती. आज तिने कपातली साय बोटाने बाजूला केली आणि टेबलावरच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

गावातली लाँड्री विकून झाली होती. खालचं दुकान, वरच्या दोन खोल्या, सगळं. वाफेची मशिनं एका हॉटेलवाल्याने नेली, गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे घरोघर पोचते झाले. महिनाअखेर किल्ली द्यायची होती. डॉक्टरांनी आईला समोर बसवून तिच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं, ते तिने मुलांना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. त्यात काही गोड मिसळलं नाही. म्हणून तर हे शहर, ही धावपळ. मुलांजवळ राहायला यायचं. प्रश्न एवढाच होता, की कुठल्या मुलाजवळ.

आणि खरं तर तोही प्रश्न नव्हता. आई काय, कुठेही राहिली असती. तिला रोज संध्याकाळी कुणी डोकावून जाणारं हवं होतं, बस. प्रश्न होता तो शेजारच्या खोलीत बसला होता आणि वहिनीने दोरीवरून काढून आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता.

बटण्या. वयाची चाळिशी ओलांडली, कानशिलं पिकली, तरी बटण्या. इस्त्री झालेल्या शर्टांची बटणं लावायचं काम बाबांनी त्याला लहानपणी दिलं, तेव्हापासून हेच नाव. शाळेने त्याला दुसऱ्या वर्षीच परत पाठवलं होतं. पैसे मोजणं, घड्याळ बघणं, एकट्याने बाजारात जाऊन परत येणं, यातलं काही त्याला जमलं नाही. घडी मात्र अशी घालायचा, की गिऱ्हाईक शर्ट उलगडायला कचरायचं.

"तो किती वेळ तेच करतोय," वहिनी म्हणाली. "रुमालसुद्धा चौकोनी करून रचलेत. मला आता नाक पुसायचीही चोरी."

"असू दे गं," आई म्हणाली. "हाताला काम असलं की बरा असतो तो."

कप उचलायच्या निमित्ताने आई स्वयंपाकघरात गेली. ताई पाठोपाठ आली आणि तिने आईच्या हातून कप काढून घेतले. नळ सोडला. दोघींना पाठमोरं उभं राहून बोलायची सवय होती. दुकानातही इस्त्रीच्या टेबलाशी अशाच उभ्या राहायच्या, एक कॉलर करायची, एक बाह्या.

"ताई, मला सरळ सांग. तुझ्या घरामागचं ते घर घेतलं तर?"

"छानच आहे की ते. फक्त जिना आहे ना, आई. तुला दम लागतो."

"जिना मी बघून घेईन. माझ्यानंतर काय, ते विचारतेय."

नळ वाहत राहिला. ताईने एकच कप फार वेळ विसळला.

"असं नको ना बोलूस."

"मग कसं बोलू? गाऊन दाखवू?"

ताई हसली आणि त्या हसण्यातच तिचा चेहरा रडवेला झाला. तिने ओल्या हाताने नळ बंद केला. "आई, मी आठवीत असताना नाटकात होते, आठवतं? मोठी भूमिका होती. आणि त्या दिवशी तू म्हणालीस, बटण्याला घेऊन जा, दुकानात गर्दी आहे. मी नेलं. तो स्टेजवर आला माझ्यामागे. माझ्या झग्याची बटणं लावायला लागला. सगळी शाळा हसली."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तो काही वाईट करत नव्हता. त्याला वाटलं, माझी बटणं सुटलीत." तिने पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली. "माझा जीव आहे गं त्याच्यावर. देवाशप्पथ आहे. पण माझं सगळं लहानपण त्याचा हात धरण्यात गेलं. आत्ता कुठे मुलगी मार्गी लागली, शाळेत मला वरची जागा मिळाली. परत तो हात धरायचा म्हटलं, की माझ्या पोटात गोळा येतो. मी वाईट आहे का?"

आईला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि थोबाडीतही मारावंसं वाटलं. दोन्ही हातांचं काही जमेना, तेव्हा तिने फडकं घेतलं आणि कप पुसले. मुलगी वाईट नव्हती. वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

बाहेर आल्यावर दादाने तिला खिडकीशी गाठलं. खाली त्याच्या दवाखान्याची पाटी दिसत होती. आज सुट्टी, म्हणून दिवा बंद.

"आई, माझ्या इमारतीतलं घर मी नको म्हणत नाहीये हां. गैरसमज नको."

"बरं."

"पण तो सारखा खाली येणार. मागच्या वेळी आलात तेव्हा काय झालं? माझ्या वेटिंग रूममध्ये बसून एकेकाला विचारत होता, 'दुखतंय? फार दुखतंय?' दोन पेशंट उठून गेले."

"त्याला काळजी वाटली असेल त्यांची."

"ते मला कळतं गं. पेशंटला कसं कळावं?" दादाने चष्मा काढून शर्टाला पुसला. बाबाही अगदी असंच करायचे. "शिवाय हिचे वडील आतल्या खोलीत. त्यांचं सगळं हीच करते, रात्रीचंसुद्धा. मी कुठल्या तोंडाने हिला सांगू, की अजून एक?"

तेवढ्यात वहिनीच आली. ती या घरात आली तेव्हापासून सगळ्यांना तिची थोडी भीती वाटायची, कारण ती वाक्य अर्ध्यावर सोडत नसे.

"आई, मी स्पष्ट बोलू? तुम्ही आहात तोवर तुम्ही माझ्या डोक्यावर येऊन राहा, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्यानंतर भावजींचं माझ्याच्याने होणार नाही. आज गोड बोलून उद्या त्यांना कुठेतरी नेऊन ठेवण्यापेक्षा आजच सांगते."

"अगं, हळू," दादा म्हणाला आणि त्याने शेजारच्या खोलीकडे पाहिलं.

"त्यांना काय कळतंय," वहिनी म्हणाली. पण आवाज तिनेही उतरवला.

शेजारच्या खोलीतून चादर झटकल्याचा आवाज आला. मग शांतता. चादरीची घडी एकट्याने घालायची म्हणजे हनुवटीखाली धरावी लागते, त्याला वेळ लागतो. आईने तो वेळ मनातल्या मनात जाऊ दिला. तिला वहिनीचा राग आला नाही. उलट सबंध दिवसात पहिल्यांदाच कुणीतरी पायाखाली जमीन दिली, असं वाटलं. भले ती जमीन दगडाची का असेना.

आणि तिथेच तिला ती युक्ती सुचली.

या घरात मोठी गोष्ट ठरवायची एक रीत होती. बाबांनी घातलेली. प्रश्न टेबलावर मांडायचा आणि सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं, मग त्याच्याहून मोठ्याने, असं करत शेवटी सगळ्यात मोठ्याने. म्हणजे मोठ्यांचं ऐकून धाकट्याची जीभ अडखळत नाही. एकदा बोललेला शब्द फिरवायचा नाही, आणि दुसऱ्याच्या शब्दाला हसायचं नाही. ताईचं लग्न असंच ठरलं, दादाचं शिक्षण असंच ठरलं. दोघांनाही या रीतीचा भारी अभिमान. चारचौघांत सांगायची, आमच्या बाबांनी आम्हाला लहानपणापासून मत दिलं. वहिनी आल्यावर तिलाही मत मिळालं. जावयाला मात्र नाही. जावई म्हणजे पाहुणा, त्याने पंच व्हायचं आणि चहा प्यायचा.

फक्त एक होतं. सगळ्यात धाकटा बटण्या, आणि त्याला कधीच कुणी विचारलं नव्हतं. बोलायची वेळ आली, की त्याला कप उचलायला पाठवायचे. बाबांनीही पाठवलं, आईनेही पाठवलं. त्याचं त्यात काही अडलंय असं कुणाला वाटलं नाही.

आईने हिशेब केला, तो असा. त्याला दादाची खुर्ची फार आवडते, ती पेशंटची, पाय दाबला की वर जाते ती. सकाळी घर बघताना दोनदा म्हणाला, दादाची खुर्ची बघू. तो म्हणणार, दादाकडे. आणि त्याने सगळ्यांसमोर, सगळ्यांत आधी, बाबांच्या रीतीने तोंड उघडून एकदा 'दादाकडे' म्हटलं, की मग कुणाची छाती आहे त्याच्यासमोर नाही म्हणायची? वहिनी म्हणेल कदाचित. पण दादा नाही म्हणणार. दादाला ती ओळखत होती. तो पाठीमागे खूप काही बोलू शकतो, तोंडावर नाही. आणि ताईला भाऊ जवळ नको असला, तरी लांबून जीव ओवाळून टाकण्याइतकी माया तिच्यात आहे. एकदा शब्द पडला, की दोघं मिळून निभावतील. रडत निभावतील, पण निभावतील.

अशी युक्ती करावी लागते, याची तिला लाज वाटली नाही. लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता.

"बसा सगळे," ती म्हणाली. "बाबांच्या पद्धतीने करून टाकू. उगीच गोल गोल फिरतोय आपण."

दादाचा चेहरा उजळला. "हे बेस्ट. पंच, बसा."

जावयाने चमच्याने कप वाजवला. "प्रश्न असा, की घर कुठलं घ्यायचं. ताईच्या मागचं, दादाच्या इमारतीतलं, की मोठ्या रस्त्यावरचं ते मधलं? धाकट्यापासून सुरुवात. वहिनी, बोला."

"वहिनी नाही," आई म्हणाली. "धाकट्यापासून. बटण्या! इकडे ये रे."

ताईने आईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. दादाने चष्मा काढला, पुसला नाही, तसाच हातात धरला.

बटण्या दारात आला. त्याच्या हातात घडी घातलेली चादर होती, नेमकी वहीसारखी चौकोनी. बोलावलं म्हणजे कप उचलायचे, म्हणून त्याने चादर खुर्चीवर ठेवली आणि कपाला हात घातला.

"कप राहू दे. बस इथे. माझ्याजवळ."

तो बसला. टेबलाशी बसल्यावर तो अगदी बाबांसारखा दिसतो, हे सगळ्यांनाच एकदम दिसलं असावं.

"आपण कुठलं घर घ्यायचं, ते तुला विचारायचंय," आई म्हणाली. तिने आवाज मुद्दाम सहज ठेवला. "तिन्ही बघितलीस ना? तुला कुठलं हवं, ते सांग. तू सांगशील ते सगळे ऐकतील."

"मी आधी?"

"तू आधी. तू धाकटा ना!"

बटण्या हसला. मग हसू गेलं. त्याने दादाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, ताईकडे जरा जास्त वेळ पाहिलं. कपाळावर आठ्या घालून तो विचार करू लागला, आणि आईला आत कुठेतरी नको असलेली एक चाहूल लागली. एवढा वेळ त्याला लागायला नको होता. खुर्चीचं नाव काढायला एवढा वेळ लागत नाही.

"मधलं," तो म्हणाला.

"मधलं?" आई म्हणाली. "अरे, दादाची खुर्ची आवडते ना तुला?"

"आई, ढकलायचं नाही हां," जावई पंचाच्या सवयीने म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच कसंनुसं झालं.

"मधलं घर," बटण्याने पुन्हा सांगितलं. एकेक शब्द जपून, काचेचा असल्यासारखा. "तिथे दादाचे पेशंट नाहीत. वहिनीचे बाबा झोपतात, ते नाहीत. ताईला पोटात दुखतं, तिथे नाही दुखणार." त्याने आईच्या हातावर आपला हात ठेवला. "तिथे कुणाला त्रास नाही."

वहिनीने तोंडावर हात धरला. त्या दिवसात पहिल्यांदाच तिला वाक्य सापडेना.

आता कुणीतरी उठेल, असं आईला वाटलं. दादा उठेल आणि म्हणेल, गाढवा, काय बोलतोस, माझ्याकडे राहायचं तू. किंवा ताई त्याला मिठी मारेल. आई वाट बघत राहिली. टेबलावरच्या पांढऱ्या कपड्यावर चहाचा एक डाग होता. असला डाग लगेच धुतला तर जातो, हे तिला ठाऊक होतं, तरी ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"किती शहाणा आहे बघ," ताई म्हणाली. "आपल्यापेक्षा शहाणा."

"खरंच," दादा म्हणाला. "आणि बघायला गेलं तर ते घर मधोमध पडतं. तुलाही जवळ, मलाही."

तुलाही जवळ, मलाही. म्हणजे दोघांनाही लांब. पण ते त्याने अशा काही आशेने म्हटलं, की आईला त्याची कीव आली. खोलीतली हवा एकदम सैल झाली होती. दिवसभर ताणून बसलेले खांदे खाली आले. जावयाने शेवटचं बिस्किट उचललं. कुणाला काही कळू न देता सगळे सुटले होते, आणि त्यांना सोडवलं होतं बटण्याने.

"वहिनी?" जावई म्हणाला.

"मधलं," वहिनी म्हणाली, टेबलाकडे बघत.

"ताई?"

"मधलंच."

"दादा?"

"मधलं. आम्ही रोज येऊन जाऊ. एक दिवस मी, एक दिवस ताई."

"आई?"

शब्द फिरवायचा नाही, ही बाबांची रीत. त्याचा शब्द तिनेच मागितला होता. पहिल्यांदा मागितला, आणि आता तोच आपल्या हाताने पुसायचा?

"त्याने सांगितलंय ना," आई म्हणाली. "मग तेच."

बटण्याला फार आनंद झाला. त्याने टाळी वाजवली. सगळ्यांनी त्याचं ऐकलं होतं.

एजंट त्या घराच्या खालीच थांबला होता. होकार द्यायचा तर आजच द्या, म्हणत होता. म्हणून सगळे चपला-बूट घालून निघाले. उन्हं उतरली होती. वहिनी वडिलांसाठी मागे राहिली, पण दारापर्यंत आली आणि बटण्याच्या स्वेटरची कॉलर नीट करून म्हणाली, "सावकाश जा हं, भावजी." एवढ्या मायेने ती त्याच्याशी आजवर कधी बोलली नव्हती.

मोठ्या रस्त्याच्या अलीकडे सगळे थांबले. मधलं घर पलीकडच्या बाजूला होतं, दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. आडवी वाहनं थांबेचनात. बटण्याने नेहमीप्रमाणे आईचा हात घट्ट धरला, चारही बोटं तिच्या मुठीत खुपसून.

आईने त्याची बोटं सोडवली.

"आता आपण नवीन शिकायचं," ती म्हणाली. "मी आधी जाते. मग तो दिवा हिरवा झाला, चालणाऱ्या माणसाचा, की तू एकटा यायचंस. मी पलीकडे उभी आहे."

"आई, अगं काय हे!" ताई म्हणाली. "मी आणते ना त्याला."

"तू रोज असणार आहेस इथे?"

दिवा हिरवा झाला. आई निघाली. मध्यावर तिला धाप लागली, छातीत काहीतरी ओढल्यासारखं झालं, पण ती थांबली नाही आणि वळलीही नाही. पलीकडे टायरच्या दुकानाशी पोचल्यावरच तिने तोंड फिरवलं.

तो तिथेच होता. एका बाजूला दादा, एका बाजूला ताई, मध्ये तो, हात मोकळे. वाहनं मध्ये आली, गेली. दिवा पुन्हा हिरवा झाला. माणसांचा लोंढा तिच्या दिशेने आला, पिशव्या, सायकली, कुणाची पोरं. दादा त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता. ताईचा हात त्याच्या कोपराशी आला.

"धरू नकोस!" आई ओरडली. एवढा आवाज तिच्यात उरला असेल असं तिला वाटलं नव्हतं. "ताई, हात धरू नकोस त्याचा!"

ताईने हात काढला.

आता कुणीच मध्ये नव्हतं, नुसता पांढऱ्या पट्ट्यांचा मोकळा रस्ता आणि पलीकडे तो. त्याने खाली पट्ट्यांकडे पाहिलं. मग वर तिच्याकडे. भीती नव्हती त्याच्या चेहऱ्यावर. ती असती तर तिला कळली असती, तिने ती जन्मभर पाहिली होती. तो विचार करत होता, मघाशी टेबलाशी करत होता तसाच, कपाळाला आठ्या घालून, आपल्याकडून या लोकांना काय हवंय, ते शोधत. आणि त्याला ते सापडलं.

तो हसला. उजवा हात वर केला आणि हलवायला लागला. गाडी सुटताना हलवतात तसा, मोठा, सगळा दंड हलवून. आई चाललीये, आपण इथे थांबायचंय. त्याला समजलं होतं. तो तिला निरोप देत होता, आणि नीट देत होता, कुणाला त्रास होऊ नये म्हणून.

"नाही रे," आई म्हणाली. "नाही, ये, तू इकडे ये." पण दिवा लाल झाला होता, वाहनं सुटली होती आणि तिचं म्हणणं तिच्यापाशीच राहिलं. बसच्या मागून तो दिसे, नाहीसा होई, पुन्हा दिसे, आणि दर वेळी त्याचा हात वरच असे. हात दुखला तरी तो खाली घेणार नव्हता. समोरच्याने परत हात हलवल्याशिवाय खाली घ्यायचा नसतो, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

तिने हात वर केला.